जमेची बाजू

संस्थांचे इतिहास बहुधा कोनशिलांच्या क्रमाने लिहिले जातात. अमुक साली अमुक इमारत, उद्‌घाटनाला तमुक पाहुणे, मग पुढची इमारत. पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी उभारलेल्या आपल्या संस्थेचे असे इतिहास बरेच झाले आहेत आणि ते आपापल्या जागी ठीकच आहेत. मला मात्र ते वाचताना दर वेळी वाटत आले की यातला खरा चमत्कार कोणी सांगतच नाही. विधवेचे तोंड सकाळी समोर आले तर माघारी फिरणारा समाज तिच्याच शिक्षणासाठी कनवटीला हात घालतो, हे घडले कसे? कोणी मागितले, कोणत्या शब्दांत मागितले, आणि देणाऱ्याने काय म्हणून दिले? त्यामुळे या लेखात इमारती थोड्या आहेत आणि वर्गणी जास्त आहे.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्षस्थानी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी स्वतः लावून दिला होता आणि त्याची झळही सोसली होती, तेव्हा हे अध्यक्षपद शोभेचे नव्हते. कामाचा भार उचलला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी. मंडळीकडे जागा नव्हती, पैसा नव्हता. कर्व्यांनी आपली साठवलेली शिल्लक, एक हजार रुपये, आधी मंडळीच्या हवाली केली आणि मगच ते लोकांकडे वळले. पुढची पासष्ट वर्षे हा क्रम त्यांनी मोडला नाही : आधी आपले टाकायचे, नंतर दुसऱ्याचे मागायचे.

हा माणूस वर्गणी मागायला शिकला कुठे, हे पाहण्यासाठी मुरूडला जावे लागते. दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे हे गाव. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घरची स्थिती ओढगस्तीची. परीक्षेसाठी कुंभार्लीच्या घाटाने पायी साताऱ्याला गेले आणि लहान दिसतो म्हणून त्यांना बसू दिले नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला जास्त मोलाच्या वाटतात त्या मुरुडातल्या दोन कमी ज्ञात गोष्टी. विनायक लक्ष्मण सोमण या शिक्षकांच्या सांगण्यावरून पोरवयातले धोंडो दुर्गादेवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. आणि सोमण मास्तरांच्याच पुढाकाराने गावात भागभांडवलावर एक दुकान निघाले, त्यात हा मुलगा राबला. दुकान चालले नाही. लोकांच्या पैशाने उभी केलेली गोष्ट बुडते तेव्हा काय वाटते, हे ज्याने मिसरूड फुटायच्या वयात पाहिले, तो पुढे पै-पैचा हिशेब ठेवणार यात नवल नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये बी.ए. झाल्यावर शाळांतून शिकवणे आणि पहाटेपासून शिकवण्या, असा त्यांचा दिवस असे. या दगदगीतून मुरूड फंडाची कल्पना निघाली. कमाईसाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला अगदी लहान वाटा नेमाने गावासाठी बाजूला काढायचा, एवढीच ती कल्पना. वाटा इतका लहान की नाही म्हणायला लाज वाटावी, आणि नेम असा की चुकवायलाही लाज वाटावी. पुढच्या सगळ्या योजनांचे बीज या फंडात आहे. चाकरमान्यांकडून गावच्या देवळासाठी पैसे गोळा करणे कोकणाला नवे नव्हते. तीच सवय शाळेकडे वळवायची, हे नवे होते.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनला आले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ते आले तिथे निधी जमवण्याची एक निराळी परंपरा होती. महादेव बल्लाळ नामजोशी हे त्या परंपरेचे प्रवर्तक. संस्थानिकांच्या दरबारी जायचे, मोठ्या रकमा मिळवायच्या, गव्हर्नरांच्या नावाने कॉलेज काढायचे. नामजोशींचे ते कर्तृत्व असाधारणच होते. पण कर्व्यांच्या अंगात ते नव्हते. ते बोलायला भिडस्त, दिसायला साधे, सभा गाजवण्याची कला शून्य. दरबारात ते कोपऱ्यातच उभे राहिले असते. त्यांच्या वाट्याला आला तो दुसरा रस्ता, ओसरीवरून ओसरीवर जाण्याचा.

या रस्त्यावर त्यांनी सुरुवातीलाच स्वतःसाठी एक मोठा धोंडा टाकून ठेवला होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई म्हणजे त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया. मुरुडाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला त्या गावात आईला मुलाकडे राजरोस जाता येईना. आता विचार करा, ज्याच्या पंगतीला गाव बसत नाही तो माणूस गावोगाव वर्गणी मागायला निघतो. त्यात काळ असा, की शारदा सदनातल्या धर्मांतराच्या प्रकरणावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ होऊन गेले होते आणि रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सदनाशी संबंध तोडला होता. विधवांसाठी आश्रम म्हटले की लोकांच्या भुवया आधी वर जात, हात खिशाकडे नंतर.

कर्व्यांनी त्यावर जे केले ते धोरणी होते. पुनर्विवाहाच्या कामासाठी त्यांनी आधीच मंडळी काढली होती. आश्रमाचे काम त्यांनी तिच्यापासून काटेकोरपणे वेगळे ठेवले. आश्रम विधवांना शिकवील, स्वतःच्या पायावर उभे करील, त्यांची लग्ने लावण्याची खटपट करणार नाही. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला त्याने असे म्हणावे, याची त्या काळी सुधारकांनीही टिंगल केली असेल तर ती समजण्यासारखी आहे. परंतु सनातनी घरातली बाई आश्रमात यायची तर तिच्या बापाला आणि दिराला हे आश्वासन हवे होते, आणि देणगी देणाराही त्याच घरातला होता.

या धोरणाची किंमत होती आणि ती कोणी दिली हेही इथे लिहायला हवे. आरंभीच्या आश्रमाचे दार उच्चवर्णीय, मुख्यतः ब्राह्मण मुलींसाठीच उघडे होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या बहिणीसाठी, जनाक्कांसाठी, विचारले तेव्हा नकार मिळाला. ही आठवण शिंद्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. वर्गणी देणाऱ्यांना दुखवले तर सगळेच बुडेल, हे त्यामागचे गणित उघड आहे. गणिताच्या प्राध्यापकाने मांडलेले असले म्हणून ते बरोबरच होते असे मी म्हणणार नाही. त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी अर्धशतक आधी याहून रुंद दार उघडून दाखवले होते. त्यांना पैशाची चणचण किती भासली हेही आपण जाणतो. दोन रस्त्यांमधली ही ओढाताण हिंगण्याच्या इतिहासात बराच काळ राहिली.

वर्गणी जमवण्याची रीत अशी. कॉलेज चालू असताना शिकवायचे आणि आश्रमाचा पत्रव्यवहार करायचा. सुट्टी लागली की गाठोडे बांधून निघायचे. ओळखीच्या वकिलाकडे, मामलेदाराकडे, मास्तरांकडे उतरायचे. त्यांच्याबरोबर चार घरी जायचे. भाषण द्यावेच लागले तर थोडक्यात द्यायचे : आश्रमात इतक्या बायका आहेत, इतका खर्च येतो, इतके जमले, इतके कमी पडते. डोळ्यांत पाणी आणणारी वर्णने त्यांना जमत नसत. आकडे जमत. कोणी रुपया दिला तर रुपयाची पावती, चार आणे दिले तर चार आण्यांची. मला वाटते, त्या काळच्या मध्यमवर्गीय माणसाला या नीरसपणातच विश्वास वाटला. सुधारणेवर रसाळ बोलणारे त्याने पुष्कळ ऐकले होते. गेल्या वर्षी दिलेल्या रुपयाचे काय झाले हे पुढच्या वर्षी येऊन सांगणारा मात्र विरळा होता.

१९०० मध्ये आश्रम हिंगण्याला आला. पुण्यात प्लेगने ठाण मांडले होते, शहरात बायकांना ठेवणे धोक्याचे झाले होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा दिली आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. त्यातून जी झोपडी उभी राहिली ती संस्थेने आजही जपली आहे. आज कर्वेनगरात शिरताना रिक्षा अडते, त्या काळी हा माळ होता, पावसाळ्यात चिखल. कर्वे फर्ग्युसनमध्ये तास संपवून पायी हिंगण्याला यायचे, येताना आश्रमासाठी लागणारे सामानसुमान बरोबर आणायचे, आणि पुन्हा पायी परतायचे. बाया मुलांना घेऊन शहरात. अशी वर्षे गेली. हे चालणे पुढे फार गौरवले गेले. त्यातली व्यावहारिक बाजू अशी, की टांग्याचे पैसे वाचत आणि ज्याला वर्गणी मागायची तो रस्त्यात भेटे.

पार्वतीबाई आठवल्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आश्रमाच्या निधीचा दुसरा खांब त्या होत्या आणि त्यांना नेहमी एका ओळीत उरकले जाते. त्या बायांच्या धाकट्या बहीण, देवरुखच्या जोश्यांच्या. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. आश्रमात त्या आरंभीच आल्या, शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या आणि मग वर्गणीसाठी बाहेर पडल्या. एक विधवा बाई, केशवपन केलेली, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली, परक्या गावात सभेपुढे उभी राहून पैसे मागते, हे दृश्यच त्या काळी भाषणापेक्षा मोठे होते. कर्व्यांना जी दारे बंद होती ती पार्वतीबाईंना उघडली. पुनर्विवाह केलेल्या पुरुषाला ओसरीवर न घेणारे घर या सोवळ्या बाईला माजघरात नेत असे, आणि घरातला पैसा शेवटी माजघराच्या संमतीने सुटतो. पुढे १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले. त्याने काही दारे बंद झाली असतील, त्यांनी पर्वा केली नाही. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिशीत, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे आहे. आश्रमासाठी मागण्याची लाज त्यांना कधी वाटली नाही, कारण स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेच नाही.

आणि बाया. देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत वर यायला हवे होते, पण त्यांच्याकडून जे घेतले गेले त्याची पावती कोणी फाडली नाही. कर्व्यांनी पाच हजारांचा आयुर्विमा उतरवला होता. घरात चार मुलगे : रघुनाथ पहिल्या पत्नीचा, मग शंकर, दिनकर, भास्कर. कर्त्या माणसाचे बरेवाईट झाले तर या घराला तेवढाच आधार. तो विमाही कर्व्यांनी आश्रमाच्या नावे करून दिला. बायांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात या काळातली आपली चीड लपवलेली नाही. त्यांनी प्रपंचासाठी काय काय कष्ट केले, सुईणीचे शिक्षण कसे घेतले, खानावळीसारखे घर कसे चालवले, हे त्या सांगतात तेव्हा सूर त्यागाच्या कौतुकाचा नसतो. नवरा महर्षी असला की संसार बायकोच्या अंगावर पडतो, हे त्यांनी जगून सांगितले. मजा अशी, की पुढे बायांनाही वर्गणी गोळा करण्याचा नाद लागला आणि त्या कामात त्या नवऱ्याहून मोकळ्या होत्या. त्या हक्काने मागत, रागावत, पुन्हा जात. शारदा सदनात शिकत असल्यापासून विधवांसाठी काही करावे हे त्यांच्या मनात होते. संस्था आज त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांना तो मिळाला असता तर त्यांनी आधी रक्कम मोजून घेतली असती, असे मला आपले वाटते.

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, विधवांपुरते न राहता कुमारिकांसाठीही. दोन संस्था झाल्या म्हणजे दोन झोळ्या. देणारे तेच. इथे कर्व्यांच्या लक्षात आले असावे की पैशाचा तुटवडा हा खरे तर माणसांचा तुटवडा आहे. पगार देऊन माणसे ठेवायची तर वर्गणी पुरणार नाही, आणि माणसे नसतील तर वर्गणी मागणार कोण? म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची कल्पना. मठ म्हटले तरी भगवे नव्हते. संस्थेला आयुष्य वाहून घ्यायचे, आपली शक्ती तिच्यासाठी वापरायची, स्वतःच्या फायद्याकडे पाहायचे नाही, निर्वाहापुरते घ्यायचे. बायकाही त्यात आल्या. पुढच्या काळात आजीव सेवक-सेविकांची जी परंपरा संस्थेत दिसते तिचे मूळ इथे आहे. ताळेबंदात ही माणसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, तरी माझ्या मते कर्व्यांनी जमवलेला सर्वांत मोठा निधी हाच.

(जाता जाता : मुर्डीचा एक हुशार नातलग मुलगा कर्व्यांनी आपल्या घरी ठेवून शिकवला. तो १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. र. पु. परांजपे. पुढे निघालेल्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरू हेच. गुंतवणूक म्हणायची तर ही.)

१९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर साधारण माणूस थांबतो. १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली. त्याच वर्षअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तिथे त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ, तेही मातृभाषेतून, अशी कल्पना मांडली. शहाण्यांना ती वेडगळ वाटली. मुलींना मॅट्रिकपर्यंत पोचवताना दमछाक होते आहे आणि हे विद्यापीठ काढायला निघाले! सरकारची मान्यता नाही, म्हणजे अनुदान नाही. पदव्यांची नावेही घरची होती, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. ती ऐकून बाजारात नोकरी देणारा गोंधळणार हे ठरलेले. तरी १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, कॉलेजात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मुली. कुलपती पुन्हा भांडारकर.

या विद्यापीठासाठी कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, देशभर फिरले. अहमदाबादला गांधीजींशी बोलणे झाले. गांधीजींचे म्हणणे इंग्रजी ऐच्छिक असावे असे, कर्व्यांचे सक्तीचे असावे असे. मतभेद मिटला नाही, आणि गांधीजींनी वर्षाला दहा रुपये वर्गणी देऊ केली. दहा रुपये ही रक्कम काही मोठी नाही. पण मत न पटताही वर्गणी मिळवणे ही वर्गणी मागणाऱ्याची खरी परीक्षा असते, आणि कर्वे तीत उतरले. ते वाद घालत बसत नसत. आपले म्हणणे सोडतही नसत.

आता १९२० ची गोष्ट. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी, मुंबईचे गिरणीमालक, सहकारी बँकेच्या चळवळीतले माणूस. विश्वेश्वरय्यांबरोबरच्या जगप्रवासात त्यांनी जपानचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. परत आल्यावर त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतली ही रक्कम, तिचे वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये. चार-चार आण्यांच्या पावत्या फाडत आलेल्या माणसाच्या आयुष्यात हा आकडा कसा शिरला असेल याची कल्पना करवत नाही. अटी होत्या. विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. मुख्यालय पुढे मुंबईला न्यायचे. कर्व्यांनी अटी मान्य केल्या. पुण्यात त्यावर नाके मुरडली गेली. आईच्या नावासाठी विद्यापीठ विकले इथपर्यंत बोलणारे तेव्हा नसतील असे मानायला पुणे मला फार चांगले माहीत आहे.

माझा कौल कर्व्यांच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. ते पंधरा लाख नसते तर अनुदानाविना चालणारे ते विद्यापीठ दहा वर्षेही टिकले नसते, हे उघड आहे. मात्र मोठ्या देणगीबरोबर एक परावलंबनही आले. सर विठ्ठलदास १९२२ मध्येच गेले. पुढे विश्वस्तांशी मतभेद झाले, बोलणी लांबली, शेवटी तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे मुंबईला हलले. तिथे ते वाढले, १९४९ च्या कायद्याने त्याला मान्यता मिळाली, १९५१ मध्ये लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. एसएनडीटी हे नाव आज देशभर आहे. हिंगण्याच्या माळावरून निघालेली लेक सासरी सुखात आहे, एवढे म्हणून आपण हिंगण्याला परत येऊ.

कारण हिंगण्याला ते पंधरा लाख आले नव्हते. आश्रमाच्या चुलीला पूर्वीसारखाच रोजचा शिधा लागत होता आणि तो पूर्वीसारखाच दारोदार जमवायचा होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत संस्थेच्या सेवकांनी भाऊबीज फंड काढला. मराठी मनाला इतकी नेमकी लागलेली दुसरी निधियोजना मला ठाऊक नाही. दिवाळीत बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात काही टाकतो. ज्या बहिणींना ओवाळायला भाऊ नाही, किंवा असून विचारत नाही, त्यांची ओवाळणी संस्थेमार्फत पाठवा. एवढेच. यात दया नाही, दान नाही, पुण्य नाही. ओवाळणी देणे हे भावाचे कर्तव्य आणि घेणे हा बहिणीचा हक्क. देणाऱ्याचा हात वर राहत नाही, घेणारीची मान खाली जात नाही. रक्कम किती, हा प्रश्नही उरत नाही, कारण ओवाळणी कधी मोजून मागत नाहीत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊरावांनी मूठ-मूठ धान्य मागितले, ते शेतकऱ्याच्या घरचे होते. हे पांढरपेशांच्या घरचे. दोघांनीही लोकांच्या घरात आधीच असलेली सवय हेरली.

अण्णा मात्र तोवर आणखी दूर निघाले होते. मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. जिनिव्हा आणि एल्सिनोर इथल्या शिक्षणपरिषदांत त्यांनी महिला विद्यापीठाच्या प्रयोगाविषयी सांगितले, मग अमेरिका, मग जपान. ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून सारे सुरू झाले ते टोकियोत जाऊन पाहिले. एप्रिल १९३० मध्ये परतले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बोटीवर. या वेळी आफ्रिका. मोम्बासाला मुलगा शंकर डॉक्टर होता, तो पाया. तिथून केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या, विशेषतः गुजराती दुकानदारांच्या, पेढ्यांवर हा म्हातारा जाऊन बसे. मराठी माणसे त्या मुलखात मूठभर. सव्वा वर्ष असे हिंडणे झाले. युरोपच्या दौऱ्याचे वर्णन नेहमी अधिक केले जाते, परिषदा होत्या म्हणून. मला आफ्रिकेचा दौरा अधिक मोलाचा वाटतो. तिथे टाळ्या नव्हत्या. उन्हातले रस्ते होते, अनोळखी दुकानदार होते, आणि तीच जुनी सुट्टीतली वर्गणीची फेरी, समुद्रापलीकडे नेलेली.

परतल्यावर १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिथे सरकारची शाळा नाही अशा खेड्यात शाळा काढायची. आधी आपले, मग लोकांचे हा नेम इथेही पाळला गेला. तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला वाटा पहिला, आणि मग पुण्याच्या पेठांतून घरोघर. जिने चढायचे, कडी वाजवायची, नाव सांगायचे. ज्यांना महर्षी म्हणत ते दारात उभे राहून पैसा-आणा घेत आणि पावती देत. १९४४ मध्ये समता संघ निघाला, माणसामाणसांतला भेद जावा यासाठी. शिंद्यांच्या बहिणीला दिलेला नकार त्या वेळी त्यांना आठवला होता का, हे सांगता येणार नाही. पण ज्या वर्गणीदारांच्या भीतीने ते दार अरुंद ठेवले होते ते वर्गणीदार आता उरले नव्हते, आणि अण्णा होते.

१९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न, १८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत शताब्दीचा सोहळा, टपालाचे तिकीट. तिकिटावर चेहरा आला त्या वर्षी ते स्वतः हयात होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे पाचाव्या वर्षात, ते गेले. बाया त्याआधी बारा वर्षे गेल्या होत्या.

पुढचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. संस्थेने महर्षी कर्व्यांचे नाव घेतले. १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्यावर कमिन्स या कंपनीचे नाव आहे. १९९४ मध्ये वास्तुकला महाविद्यालय, त्यावर भानुबेन नानावटी हे नाव. देणगीदाराच्या आईचे नाव द्यायचे की नाही यावर एकेकाळी तोंडे वाकडी करणाऱ्या शहरात आता फाटकावरच्या पाट्या कोणी वाचतही नाही, मुली आपल्या तासाला धावतात. कंपनीच्या समाजकार्य-निधीसाठी आज प्रस्ताव लिहावा लागतो, त्यात किती लाभार्थी, किती टक्के, कोणत्या तिमाहीत, हे भरावे लागते. अण्णांना त्यात अडचण आली नसती, आकडे त्यांना प्रियच होते. बाया तो कागद बाजूला सारून थेट साहेबाला भेटायला गेल्या असत्या.

भाऊबीज मात्र चालू आहे. ती जमवण्यासाठी कॉलेजातल्या मुली, निवृत्त शिक्षिका, जुन्या विद्यार्थिनींचे यजमान असे कोणीही पावतीपुस्तक घेऊन निघू शकते. सोसायट्यांच्या फाटकांवर आता रखवालदार असतात, दारे चटकन उघडत नाहीत, पुष्कळदा पैसे मोबाईलवरूनच पाठवले जातात. तरी एखाद्या जुन्या वाड्यातल्या आजी अजूनही हात हातात घेऊन विचारतात, "हिंगण्याहून आलीस ना?" आणि देव्हाऱ्याच्या फळीवर त्यासाठीच वेगळी ठेवलेली घडीची नोट काढून देतात. पावतीवर नाव कुणाचे घालायचे असे विचारले की बहुतेक जणी भावाचे नाव सांगतात.